०.०४ चौरस मीटरचा व्हॅन व्हीन ग्रॅब: कोकणातल्या खाड्यांसाठी घ्यावा का?

खाडीची तब्येत बघायला पाण्याच्या बाटल्या सगळेच भरतात. पण भरती-ओहोटीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं नि बाहेर जातं. सकाळच्या बाटलीत मोजलेला प्राणवायू संध्याकाळच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. तळाच्या चिखलात राहणारे जीव मात्र जागा सोडून फार लांब जात नाहीत. पॉलिकीट वर्म (अंगावर केसाळ काटे असलेले समुद्री किडे), बारीक शिंपले, कोळंबीच्या जातकुळीतले बारीक अ‍ॅम्फिपॉड यांनी गेल्या काही महिन्यांत जे सोसलं, ते त्यांच्या संख्येत आणि जातींच्या यादीत दिसतं. हे जीव मोजून-मापून वर आणायचं सर्वांत साधं अवजार म्हणजे व्हॅन व्हीन ग्रॅब. योहान व्हॅन व्हीन या डच अभियंत्याने तो १९३३ साली बनवला आणि मूळ रचना आजही जवळपास तीच आहे: बिजागरीने जोडलेले दोन जबडे, त्यांना दोन लांब दांडे आणि दांडे उघडे धरून ठेवणारा एक आकडा.

हा अभिप्राय २० × २० सेंटीमीटर तोंडाच्या, म्हणजे ०.०४ चौरस मीटरच्या, स्टेनलेस स्टीलच्या ग्रॅबबद्दल आहे. आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून बनवून मिळतो तो हाच. निवाडा आधीच सांगतो. चिखलाच्या खाडीत, लहान होडीवरून, पाच ते पंधरा मीटर खोलीत काम असेल तर जरूर घ्या. घट्ट रेतीचा तळ असेल तर घेऊ नका. आणि ज्याला वरच्या बाजूला जाळीच्या खिडक्या नाहीत तो ग्रॅब कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

खिडक्यांपासूनच सुरुवात करू, कारण सगळं गणित तिथे बिघडतं. ग्रॅब खाली जाताना आपल्यापुढचं पाणी ढकलत जातो. जबड्यांची पाठ पूर्ण बंद असेल तर ते पाणी तळावर आधी आदळतं आणि चिखलाचा वरचा हलका, पिठासारखा थर उडवून देतं. अ‍ॅम्फिपॉड, त्यांच्यासारखेच क्युमेशियन, नुकती तळावर बसलेली शिंपल्यांची पिल्लं असे बारीक जीव नेमके त्याच थरात असतात. पाठीवर जाळीच्या खिडक्या असतील तर खाली जाताना पाणी आरपार निघून जातं. वर ओढताना जाळीवरची रबराची झडप दाबून बसते आणि नमुना धुतला जात नाही. जाळी ०.५ मिलिमीटरची हवी. काही कारागीर डासांची जाळी लावून देतात. तिची भोकं मोठी असतात आणि मीठ लागलं की ती गंजते. झडपही दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या मऊ निओप्रिन रबराची असावी. टायरच्या ट्यूबचा तुकडा उन्हात कडक होतो, कडा वळतात आणि मग तो नीट बसत नाही.

वरचा थर उडाल्याने निकालात किती फरक पडतो ते एका हिशोबात बघा. तळाच्या आरोग्यासाठी अ‍ॅम्बी हा निर्देशांक सर्रास वापरतात. त्यात जातींचे पाच गट पाडतात: पहिल्यात प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या, पाचव्यात सडक्या चिखलात फोफावणाऱ्या. प्रत्येक गटाच्या टक्केवारीला अनुक्रमे ०, १.५, ३, ४.५ आणि ६ ने गुणून बेरजेला १०० ने भागतात. समजा एका नमुन्यात खरे ४० जीव आहेत: पहिल्या गटातले १०, दुसऱ्यातले ६, तिसऱ्यातले १४, चौथ्यातले ६, पाचव्यातले ४. अ‍ॅम्बी येतो २.५५. आता पहिल्या गटातले ते दहाही जीव पाण्याच्या धक्क्याने उडाले आणि वर आले फक्त ३०. तोच अ‍ॅम्बी ३.४० होतो. १.२ ते ३.३ म्हणजे किंचित बाधित आणि ३.३ च्या वर मध्यम बाधित, असे पट्टे ठरलेले आहेत. खाडी तीच, चिखल तोच, पण जाळीच्या खिडक्या नसल्यामुळे अहवालातला शब्द बदलला. असे अहवाल जेट्टीच्या, बंदराच्या, सांडपाण्याच्या परवानग्यांना जोडले जातात. म्हणून या अवजारातल्या दहा रुपयांच्या जाळी-रबराकडे दहा हजारांच्या धातूइतकंच लक्ष द्यायला हवं.

दुसरी गोष्ट जबड्यांची मिठी. ग्रॅब ताब्यात घेताना तो बंद करून उजेडासमोर धरा. दोन पात्यांच्या मधून सलग उजेडाची रेघ दिसली तर परत करा. मग बादलीने पाणी ओता. थेंब-थेंब गळती चालेल, कुठलाच ग्रॅब तांब्यासारखा पाणी धरत नाही. पण अर्ध्या मिनिटात रिकामा झाला तर वर येताना बारीक गाळासोबत जीवही गळणार हे नक्की. पात्यांना दात पाडून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. खड्याच्या तळावर दातांचा उपयोग होतो, पण खाडीत शिंपल्यांचे तुकडे त्या दातांत अडकतात आणि जबडा बोटभर उघडा राहतो. सरळ, धार लावलेलं पातंच बरं.

धातू ३१६ प्रतीचा आहे याची पावतीवर नोंद मागा. ३०४ प्रतीच्या स्टीलवर खाऱ्या पाण्यात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात, विशेषतः वेल्डिंगच्या रेघेवर. त्याहून जास्त फसवणूक नट-बोल्टमध्ये होते. अंग स्टेनलेसचं आणि बिजागरीची पिन साध्या लोखंडाची असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या जोडीत लोखंडच आधी खाल्लं जातं. एका हंगामात पिन इतकी झिजते की दोन जबडे एकमेकांसमोर न येता तिरके मिटतात. ऑर्डर देतानाच पिन, शॅकल (दोर अडकवायची पिनेची कडी), साखळी, सगळं ३१६ चं असं लिहून द्या. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी ग्रॅब स्वस्त असतो आणि नुसते जीव मोजायचे असतील तर चालूनही जातो. पण त्याच गाळात जड धातू तपासणार असाल तर जस्ताचा आकडा विश्वासाचा राहत नाही. स्टेनलेसमधूनसुद्धा धातू तपासायचा गाळ जबड्याच्या भिंतीला न लागलेल्या मधल्या भागातून, प्लास्टिकच्या चमच्यानेच काढावा.

आता वजन. या मापाचा ग्रॅब दोन माणसं हाताने ओढू शकतात आणि आपल्या छोट्या होड्यांसाठी हीच त्याची मोठी जमेची बाजू. ०.१ चौरस मीटरचा मोठा ग्रॅब युरोप-अमेरिकेत सर्रास चालतो, पण त्याला विंच आणि कप्पी लागते. ती सोय ट्रॉलरवर मिळते आणि ट्रॉलर उथळ खाडीत शिरत नाही. लहान ग्रॅबची किंमत मात्र आकडेमोडीत मोजावी लागते. ०.०४ चौरस मीटरमध्ये सापडलेला एक जीव म्हणजे चौरस मीटरला २५. एखादा चुकून सुटला किंवा दोनदा मोजला गेला तरी आकडा २५ ने हलतो. म्हणून एका ठिकाणी एकच ग्रॅब टाकून घनता लिहिणं चुकीचं आहे. किमान तीन फेका, जमलं तर पाच. पाच फेकांत ०.२ चौरस मीटर तळ तपासून होतो. गाळाचा पोत आणि सेंद्रिय कार्बन यांसाठी सहावा ग्रॅब वेगळा टाका. जीवांच्या नमुन्यातूनच मूठभर गाळ काढून घेतला तर तेवढे जीव कमी होतात आणि ते कोणाच्याच हिशोबात येत नाहीत.

अतिशय मऊ चिखलात उलटी अडचण येते. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी वजनं लावलेला ग्रॅब चिखलात बुडतो आणि गाळ खिडक्यांतून वर उफाळतो. ग्रॅब काठोकाठ भरलेला बघून खूश होऊ नका. पृष्ठभाग जाळीला चिकटला असेल तर वरचा थर गेला असं समजून तो नमुना टाकून द्यायचा. अशा ठिकाणी शिशाची वजनं काढून ठेवा. म्हणून वजनं वेल्ड केलेली नकोत, बोल्टने बसवलेली हवीत. चांगला नमुना ओळखायची खूण सोपी आहे: खिडकी उघडली की वर थोडं पाणी असावं, ते फार गढूळ नसावं, आणि खालचा पृष्ठभाग जवळपास सपाट, न विस्कटलेला दिसावा. चिखलात किमान सात सेंटीमीटर आणि रेतीत पाच सेंटीमीटर खोल गेला नसेल तर नमुना नाकारावा. स्टीलची पट्टी खिडकीतून मधोमध उभी घालून मोजा आणि आकडा वहीत लिहा. मोजताना रंगही बघा: वरचा तपकिरी थर किती मिलिमीटर आहे आणि काळा थर कुठे सुरू होतो. तपकिरी थर नखाएवढाही उरलेला नसेल आणि कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसणार याचा अंदाज होडीवरच येतो: कॅपिटेलासारखे लालसर, दोऱ्यासारखे बारीक पॉलिकीट पुष्कळ आणि इतर जाती मोजक्या.

टाकण्याची पद्धत. दोर दहा-बारा मिलिमीटरचा पॉलिएस्टरचा घ्या. नायलॉन ताणतो, त्यामुळे आकडा कधी सुटला ते हाताला कळत नाही. पॉलिप्रॉपिलिन तरंगतो आणि प्रवाहात कमानीसारखा वाकतो. दोरावर दर मीटरला खूण करा. दोर आणि ग्रॅबच्या मध्ये फिरती कडी लावा, नाहीतर दोराला पीळ बसून ग्रॅब गरगरतो. शॅकलची पिन तारेने बांधून टाका. ती हळूहळू उलगडते आणि मग ग्रॅब तळाशी, दोर तुमच्या हातात, असं होतं. ग्रॅब सोडताना शेवटचे काही मीटर अगदी सावकाश. तळ लागला की दोर ढिला पडतो, दांड्यांवरचा ताण जातो आणि आकडा सुटतो. इथे घाई करू नका. पहिला हात-दीड हात दोर हळू ओढायचा, कारण त्या ओढीनेच दांडे जवळ येऊन जबडे मिटतात. झटक्याने ओढलं तर मिटण्याआधीच ग्रॅब तळ सोडतो आणि वरवरचा पातळ थर घेऊन येतो. दोर तिरका जात असेल, म्हणजे होडी वाहत असेल, तर टाकूच नका. वेळ भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या, दिवसांतली आणि पाणी थांबलेलं असतानाची निवडा. उधाणाला मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत ओढ इतकी असते की ग्रॅब सरळ उतरतच नाही. होडीच्या तांडेलाला ही वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकाशिवाय माहीत असते, त्याला विचारून बेत ठरवा.

लाटेने होडी हेलकावली की दोर क्षणभर ढिला पडतो आणि ग्रॅब मध्येच मिटून रिकामा वर येतो. या ग्रॅबचा हा जन्मजात दोष आहे आणि कुठल्याही कारागिराला तो पूर्ण घालवता येत नाही. आकड्याची खाच थोडी खोल केली तर अवेळी सुटणं कमी होतं, पण मग मऊ चिखलात तो सुटायलाच तयार होत नाही. खाडीसाठी उथळ खाचच बरी. आणि उघडा ग्रॅब उचलताना हात नेहमी दांड्यांवर, पात्यांच्या आत कधीही नाही. बोट तुटू शकतं. सुरक्षेची पिन साखळीने ग्रॅबलाच बांधलेली असावी, खिशात ठेवायच्या पिनेचा भरवसा नाही.

रेतीबद्दल थोडक्यात. तारकर्लीसारख्या घट्ट पुळणीच्या समोर हा ग्रॅब दोन-तीन सेंटीमीटर ओरबाडतो, पात्यात शिंपला अडकतो आणि वर येईपर्यंत सगळं धुऊन जातं. वजनं लावूनही फार फरक पडत नाही. तिथे पाणबुड्याकडून पीव्हीसी पाइप तळात खुपसून गाळाचा गाभा घ्यावा किंवा स्प्रिंगवर चालणारा स्मिथ-मॅकिंटायर ग्रॅब भाड्याने मिळतो का बघावं.

ग्रॅबसोबत चाळण त्याच दुकानातून गळ्यात मारतात. ती तपासून घ्या. आपल्या उष्ण पाण्यातले जीव लहान असतात, म्हणून ०.५ मिलिमीटरची, म्हणजे एएसटीएम या अमेरिकी मानकाप्रमाणे ३५ नंबरची चाळण हवी. १ मिलिमीटरची, म्हणजे १८ नंबरची चाळण लवकर चाळते, पण बारीक पॉलिकीट तिच्यातून निघून जातात. प्रयोगशाळेतली पितळी, वीतभर व्यासाची चाळण चिखलाने दोन मिनिटांत तुंबते. ३० × ३० सेंटीमीटरची, खोल चौकटीची बनवून घ्या. नमुना घमेल्यात ओतून समुद्राचंच पाणी घालावं, हलकेच ढवळून वरचं गढूळ पाणी चाळणीवर सोडावं, असं पुन्हा पुन्हा करावं. शेवटी चाळण पाण्यात अर्धी बुडवून गोल फिरवावी. वरून पाइपचा जोरदार झोत मारला किंवा बोटांनी चिखल चोळला तर पॉलिकीटचे तुकडे होतात. मोजणीत फक्त डोकी मोजतात, आणि डोकं नसलेली दहा शेपटं बाटलीत ठेवून काही हाती लागत नाही. गोडं पाणी वापरू नका, नाजूक जीव फुगून फुटतात. चिकट चिखलाचा एक नमुना चाळायला अर्धा तास सहज जातो, तेव्हा दिवसाला किती ठिकाणं होतील हे ग्रॅबच्या नाही तर चाळणीच्या वेगाने ठरवा.

बाटलीत नमुना अर्ध्याहून जास्त भरू नये. एक भाग बाजारातलं फॉर्मॅलिन आणि नऊ भाग गाळलेलं समुद्राचं पाणी, त्यात तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका बोरॅक्स (टाकणखार). बोरॅक्स विसरलात तर फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि महिन्याभरात शिंपल्यांची कवचं विरायला लागतात. मग जिवंत असताना पकडलेला शिंपला ओळखताही येत नाही. चिमूटभर रोझ बेंगाल हा रंग घातला की जीव गुलाबी होतात आणि कचऱ्यातून वेचणं सोपं जातं. काही दिवसांनी धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढा. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मॅलिन अजिबात नको, सुरुवातीपासून ९५ टक्के अल्कोहोल. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरचं लेबल अल्कोहोलने पुसलं जातंच.

आकडे हातात आल्यावर एक जपायचं. अ‍ॅम्बीचं सॉफ्टवेअर स्पेनमधल्या अझ्टी संस्थेकडून फुकट मिळतं, पण त्यातली जातींची यादी मुळात युरोपच्या किनाऱ्यावरून उभी राहिली. आपल्या कितीतरी जातींना त्यात गटच नसतो. गट नसलेल्या जीवांचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं तर निकाल जपून वाचावा, ५० टक्क्यांवर गेलं तर वापरू नये. शिवाय खाडीत गोडं-खारं पाणी रोज बदलतं. तिथे मुळातच सोशिक जाती जास्त असतात, म्हणून चढा अ‍ॅम्बी म्हणजे लगेच कारखान्याचं पाणी असं होत नाही. पावसाळ्याचंही तसंच. जून ते सप्टेंबर नदीचा लोंढा तळ धुऊन काढतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस अरबी समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं खोलातलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यावर चढतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला किनाऱ्यापुढच्या तळावर जीव कमी सापडले तर दोष कोणाच्या माथी मारण्याआधी तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू विंकलर या रासायनिक पद्धतीने मोजलेला हवा. तुलना करायची तर मागच्या मार्च-एप्रिलची यंदाच्या मार्च-एप्रिलशीच करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या काळात होडी मिळेल असं गृहीत धरून वेळापत्रक आखू नका.

युरोपातून मागवलेला ग्रॅब घ्यावा का? त्याची मिठी आणि झडपा बहुधा पहिल्याच दिवशी बरोबर असतात, पण किंमत कित्येक पट, त्यावर सीमाशुल्क, आणि पिन हरवली तर सुट्या भागासाठी थांबणं. विद्यार्थी आणि लहान प्रयोगशाळांनी देशी बनावटच घ्यावी, मात्र आराखडा आपला द्यावा: तोंडाचं माप आतून २० × २० सेंटीमीटर, फरक फार तर एक-दोन मिलिमीटरचा. कारागीर बाहेरून माप धरतात. तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात बाहेरून २० म्हणजे आतून १९.४ आणि क्षेत्रफळ ०.०३७६. सहा टक्के तळ इथेच हरवतो, आणि तुम्ही मात्र प्रत्येक जीवाला २५ ने गुणत राहता. बनून आलेला ग्रॅब पट्टीने मोजा आणि खरं क्षेत्रफळ त्याच्या दांड्यावर कोरून घ्या.

काम झालं की गोड्या पाण्याने धुवा, बिजागरी आणि आकड्याच्या फटीतला चिखल जुन्या टूथब्रशने काढा. तेल-ग्रीस लावू नका, पुढच्या नमुन्यात हायड्रोकार्बन तपासणार असाल तर तेच वर येईल. झडपा उघड्या ठेवून सावलीत वाळवा आणि ग्रॅब मिटलेल्या अवस्थेत ठेवा, पात्यांची धार टिकते.